आला, आली, आलं

मराठी भाषेला एक वाईट खोड आहे. ती माणसाला मोघम बोलू देत नाही. दाराशी पाऊल वाजलं की आतून विचारतात, 'कोण आलं?' इथवर ठीक. पंचाईत होते ती उत्तर देणाऱ्याची. 'आला' म्हणा, नाहीतर 'आली' म्हणा. उंबऱ्यावर लोंबकळत राहायची सोय क्रियापदाला नाही.

एक घर डोळ्यांपुढं धरा. वाशीम जिल्ह्यातलं. तालुका सांगत नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांनी ते शेजारच्या तालुक्यातलं समजावं. चार एकर वावर, सोयाबीनच्या तासांत तूर, पत्र्याची ओसरी, आई, बाप, दोन लेकरं. ज्याला थोरला म्हणून शाळेत घातलं तो बारावीनंतर पुण्याला कंपनीत लागला, तिनं तिथं केस वाढवले, नाव बदललं आणि यंदाच्या दिवाळीला ती घरी आली.

वाक्याच्या मधेच मी गाडी बदलली. तुम्ही अडखळलात? थोडेसे. पण पोचलात ना? पोचलात. घराला एवढंच करायचं असतं.

◆

बाप मात्र व्याकरणात हुशार निघाला. शाळा सातवीपर्यंत, पण त्याला पळवाट सापडली. तो फोनवर विचारतो, 'जेवण झालं का?' यात झालं ते जेवण. 'चहा घेतला का?' घेतला तो चहा. 'गोळ्या घेतल्या का? भाडं भरलं का? पैसे पोचले का?' क्रियापद बिचारं चहा-गोळ्यांच्या मागं फिरतं, लेकराच्या वाटेला जातच नाही. चार वर्षं हा माणूस असल्या क्रियापदांवर जगला. 'कधी आलीस' असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. आणि न्यायानं बोलायचं तर, 'कधी आलास' असंही म्हटलं नाही.

आईनं वेगळी ओसरी शोधली. मराठीत लेकरू नपुंसकलिंगी आहे, आणि आयांना त्याची कधी लाज वाटलेली नाही. 'लेकरू आलं माहं', 'लेकरू सुकलं', 'लेकरू जेवलं नाई अजून'. पन्नाशीच्या घोड्यालाही आई लेकरूच म्हणते, तेव्हा कुणी व्याकरण तपासायला येत नाही. पण हीच तिसरी रूपं शेजारणीच्या तोंडी गेली की वास बदलतो. 'ते आलं का वं तुमच्याकडं?' यातलं 'ते' लेकराचं नसतं, वस्तूचं असतं. लिंग तेच, प्रत्यय तोच. फरक आवाजात असतो, आणि आवाजाचं व्याकरण अजून कुणी छापलेलं नाही.

◆

'सगळं ठीक हाय, पण नावाची सवय होत नाई हो,' असं मामा म्हणाले.

हे कोण बोलतंय? ज्यांच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं गेलं, ते मामा. वीस वर्षं माहेरी जे नाव होतं ते पंधरा मिनिटांत पुसलं, आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत अख्ख्या भावकीला नवं नाव पाठ. कुणी म्हटलं नाही, 'आमाले वेळ द्या.' बाईला कुणी विचारलंही नाही. नाव बदलायची रीत आपल्याकडं इतकी जुनी आहे की तिला साहित्य ठरलेलं आहे: ताट, तांदूळ, अंगठी. अडचण फक्त एका ठिकाणी येते. ज्याचं नाव त्यानंच बदललं की आपली जीभ जड होते.

गावांचं म्हणाल तर २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. सवय झाली. आणि आपल्या वाशिमाचं काय? वाकाटकांच्या काळी हे वत्सगुल्म होतं. इंग्रजांनी 'बासिम' लिहिलं. बासिम जिल्हाच होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात विरघळवला. पुढं ९३ वर्षं वाशीमकरांनी पत्त्यावर 'जिल्हा अकोला' लिहिलं, आणि पोटात म्हणत राहिले की आम्ही ते नव्हेत, आम्ही वेगळे. १ जुलै १९९८ला वाशीम स्वतःच्या नावानं जिल्हा झालं. पाट्या रंगवल्या, शिक्के बदलले, गाड्यांवर एमएच ३०च्या जागी एमएच ३७ आलं. अकोलेकर काही दारात बसून म्हणाले नाहीत, 'जन्माच्या वेळी तर अकोलाच होतं.'

सांगायचं इतकंच की कागदावर एक आणि आत दुसरं, हे काय असतं ते या जिल्ह्याला वेगळं शिकवायला नको. त्यानं ते भोगलंय.

◆

आता माझ्या मुद्द्याचं. 'समाजाला वेळ लागतो' हे वाक्य मला साफ नामंजूर आहे. वेळ लागत नाही. फायदा दिसला की एका दिवसात जमतं. पुरावे देतो.

पुरावा पहिला. घरी बसून काय करायचं म्हणून ती एक दिवस शेजारच्या वावरात कामाला गेली. गेल्या खेपेला, म्हणजे शर्टपँटच्या काळात, तिथंच गेली होती तेव्हा गडीमाणसाचा रोज मिळाला होता. यंदा पंजाबी ड्रेस. तेच वावर, तेच हात, तीच पाठ. संध्याकाळी मालकानं बाईचा रोज हातावर ठेवला. तो कमी असतो हे सांगायला नको. चार वर्षांत सख्ख्या मामाला जे उमगलं नाही, ते या माणसाला सहा वाजता पैसे मोजताना उमगलं.

पुरावा दुसरा. काका. पहिल्याच दिवशी ओसरीवर येऊन म्हणाले, 'ये बाई, बस.' आईच्या डोळ्यांत पाणी. घराला वाटलं, चला, एकजण तरी मोठ्या मनाचा निघाला. तिसऱ्या दिवशी काकांनी विषय काढला: आता ती लेक झाली, लेकीबाळी भावकीत हक्कसोड करून देतात, तशी रीतच हाय, आजोबाच्या सातबाऱ्यावरचं तेवढं निपटून टाकू, कागदाचा खर्च माहा. काकांचा स्वीकार स्टँप पेपरवर होता.

त्यांच्या माहितीसाठी: वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. म्हणजे हे लेकरू मुलगा म्हणा की मुलगी म्हणा, वाट्यात गुंठ्याचाही फरक पडत नाही. कायद्यानं काकांची फार निराशा केली आहे.

पुरावा तिसरा. शेजारच्या काकू. त्यांनी पहिले दोन दिवस नाकाला पदर लावला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'पोरगी झाली म्हन्ते ना, मंग बसून काय राह्यली? भाकरी थाप म्हना.' परातीपुरती ती पोरगी झाली. पूजेच्या पाटावरून उठवताना पुन्हा 'तो' झाला.

पुरावा चौथा, थेट सरकारी. २०२४ साली राज्यानं लाडकी बहीण योजना आणली, महिन्याला १,५०० रुपये. २०२५ साली बातमी आली की लाभ घेणाऱ्या बहिणींत १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. चौदा हजार! त्यातल्या एकाच्याही घरी रडारड झाल्याचं, बापानं बोलणं टाकल्याचं, मामानं सोयरिकीची काळजी केल्याचं ऐकिवात नाही. दीड हजारासाठी भाऊ बहीण झाला तर तो हिशेब. जिवासाठी झाली तर तो कलंक.

आणि एसटी. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून कंडक्टर हा जिल्ह्यातला सर्वांत कामाचा लिंगतज्ज्ञ झाला आहे. तो वरून खाली बघतो, खालून वर बघतो, मागं चाळीस माणसं लोंबकळत असतात. मग तो विचारतो, 'कुठं?' ती गाव सांगते. तो तिकीट फाडतो. ते अर्धं होतं की पूर्ण, हे मी सांगणार नाही; तुम्ही लगेच नियम काढाल. सांगायचं ते हे, की त्यानं निर्णय अर्ध्या मिनिटात घेतला आणि पुढच्या सीटकडं वळला. घराचा निर्णय चार दिवाळ्या चालू आहे.

◆

'आमचं काई नाई म्हणा, पण लोकाईले काय सांगाव?'

हे लोक कोण, त्यांचा छडा लावायचा मी प्रयत्न केला. ओट्यावरच्या तिघांना विचारलं. ते म्हणाले, आमचं काही नाही, पण लोक. किराणावाल्याला विचारलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, पण लोक. फिरत फिरत गावाच्या शिवेपर्यंत गेलो. पुढं दुसरं गाव लागलं. तिथले म्हणाले, आमचं काही नाही, पण तुमच्या गावचे लोक.

याच लोकांच्या घरी पाळणा हलला की टाळी वाजवत कुणी दारात येतं. तेव्हा बाळाला त्यांच्या मांडीवर देतात, नोट काढून हातावर ठेवतात, त्यांच्या हातचं नाणं जपून तिजोरीत टाकतात. त्यांची दुवा लागते, शाप बाधतो, एवढी शक्ती. दुसऱ्याच्या घरातलं असलं की देवाचं माणूस, आपल्या घरात निघालं की कर्माचा भोग. ज्याच्या दुवेनं तुमचं घर भरतं, त्याचं घर कुठं असतं, हे टाळी ऐकताना कुणी विचारत नाही. ते असंच कुठल्या तरी तालुक्यात असतं. तिथंही पत्र्याची ओसरी असते आणि ओसरीवर काका असतात.

◆

कायदा काय म्हणतो? कायदा पुष्कळ म्हणतो.

२०११च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांच्या पलीकडं 'इतर' असा रकाना आला. देशात ४,८७,८०३ माणसं त्यात मोजली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. हे आकडे माणसांचे आहेत असं समजू नका. ते मोजायला आलेल्या मास्तराला दारात उभं राहून खरं सांगणाऱ्या घरांचे आहेत. आमच्या या घरानं त्या वर्षी 'मुलगे १, मुली १' सांगितलं होतं.

१५ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात म्हणणं मांडायला उभ्या होत्या. लक्ष्मी यांची आईवडिलांशी नाळ तुटली नाही. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांना मात्र पोलीस अधिकारी बापाचं पुण्यातलं घर कोवळ्या वयात सोडावं लागलं. पुढं २०१९ साली त्या निवडणुकीच्या सदिच्छादूत झाल्या. लोकशाहीच्या दूत, घराच्या नव्हेत.

त्याच २०१९ साली संसदेनं कायदा केला. त्याच्या १२व्या कलमात लिहिलं की तृतीयपंथी आहे एवढ्या कारणानं लेकराला आईबापांपासून तोडता येणार नाही आणि त्याला त्या घरात राहायचा हक्क आहे. घर सोडायला भाग पाडलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद. वाचायला छान वाटतं. पण घरातून काढायला माणसाला धक्के मारावे लागत नाहीत. चहाचा पेला वेगळा ठेवा, पाहुणे आले की 'तू जरा माजघरात थांब' म्हणा, लग्नपत्रिकेत 'आपले विनीत'मधून नाव गाळा. चौथ्या दिवशी माणूस स्वतःच बॅग भरतं. कुठलं कलम लावता?

पुढं त्या १२व्या कलमातच आहे की घरच्यांना सांभाळणं होत नसेल तर न्यायालय पुनर्वसन केंद्रात पाठवील. घर, नाहीतर केंद्र. मधे जे असतं ते कायद्याला दिसलं नाही. ज्या तृतीयपंथी गुरूनं रात्री-बेरात्री दार उघडलं, ताट वाढलं, तापात कपाळावर पट्टी ठेवली, तो कायद्याच्या कुटुंबात बसत नाही. तिथं रक्त, लग्न किंवा दत्तक लागतं. काका बसतात. स्टँप पेपरवाले.

◆

आषाढीच्या आधी शेगावची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोड करत आपल्याच जिल्ह्यातून जाते. हेच मामा, हेच काका टाळ घेऊन चार मुक्काम चालतात. तोंडानं काय म्हणतात? माउली. कुणाला? आळंदीच्या ज्ञानोबाला. विठोबाला काय म्हणतात? विठाई. कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष देव, त्याला आपण आई करून टाकलं, लाडात आलो की विठाबाई म्हटलं. एकाही वारकऱ्यानं त्याचा जन्मदाखला मागितला नाही. कोल्हापुराकडं तर बायका पिढ्यान्‌पिढ्या 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पंचगंगा उलटी वाहिली नाही.

म्हणजे भाषेला जमतं, देवाला जमतं, वारीला जमतं. रिसोडातून पालखी पुढं गेली, मामा एसटीनं परत आले, घरात पाय टाकला, आणि पुन्हा म्हणाले, 'सवय होत नाई हो.'

◆

गावांनाही जमतं बरं का. सोलापूर जिल्ह्यातलं माळशिरस तालुक्याचं तरंगफळ. २०१७ साली सरपंच थेट लोकांनी निवडायचा होता. लोकांनी ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला निवडलं. जळगावजवळचं भादली. अंजली पाटील यांनी महिलांच्या राखीव जागेसाठी अर्ज भरला, तो नाकारला गेला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, खंडपीठानं बाई म्हणून लढायला मोकळीक दिली आणि जानेवारी २०२१मध्ये गावानं निवडून दिलं. हे तेच गावकरी, तेच लोक, ज्यांच्या नावानं घराघरात भीती घालतात. मतपेटीपाशी एकट्याला सोडलं, कुणी बघत नाही म्हटल्यावर त्यांनी हे केलं.

मनमाडात तर २०२२ साली एका आईनं तृतीयपंथी सून घरात घेतली, आणि त्या वर्षी वटपौर्णिमेला सुनेनं वडाला फेरे मारले. सून तृतीयपंथी म्हणताना बातमी झाली. बातमीचं खरं कारण पुढच्या ओळीत आहे: सासूनं मान्य केलं. कुठल्याही सुनेला विचारा, ही गोष्ट छापण्यासारखी आहे की नाही.

◆

आता घराकडं वळू. दिवाळीचा मुक्काम संपत आला.

या सगळ्यात एकच माणूस असं निघालं की ज्यानं वेळ मागितला नाही, हिशेब मांडला नाही, अश्रूही गाळले नाहीत. धाकटी बहीण. ती पहिल्याच संध्याकाळी ओरडली, 'आई, हिनं माही मोरपंखी ओढणी घेतली, पाय ना!' त्या 'हिनं'वर ओसरी चिडीचूप झाली. दोघी ओढणीवरून तासभर भांडल्या. भाषणं पुष्कळ ऐकली, समुपदेशनाची पत्रकंही वाचली. स्वीकार म्हणजे काय ते मला त्या ओढणीत कळलं. ज्याला घरात जागा नसते त्याच्याशी कुणी ओढणीवरून भांडत नाही. त्याला ओढणी देऊन टाकतात.

भाऊबीजेला पेच होता. थोरला भाऊच राहिला नाही तर ओवाळायचं कुणाला? काकूंनी दु:खी चेहरा करून हा प्रश्न मोठ्यानं विचारला. धाकटीनं ताट सजवलं, पाट मांडला आणि म्हणाली, 'बस वं. बहीण झाली तं झाली, ओवाळणी सुटत नाई. पाचशे काढ.' तिनं पाचशे काढले. दोघींच्या कपाळाला कुंकू. काकू घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाप तिला मोटारसायकलवर स्टँडवर घेऊन गेला. वाटेत त्यानं नेहमीचे सगळे प्रश्न वापरून संपवले. डबा घेतला का? पाण्याची बाटली भरली का? तिकिटाचे सुटे घेतले का? सकर्मक क्रियापदांचा साठा स्टँडपर्यंत जेमतेम पुरला.

गाडी लागली. तिनं खिडकीची जागा धरली. आणि इथं बापाची गोची झाली. कारण निघत्या गाडीला आईबाप जे एक वाक्य म्हणतात, जे म्हटल्याशिवाय महाराष्ट्रातली एकही एसटी हलत नाही, त्याला पळवाट नाही. डबा नाही, गोळ्या नाहीत, मधे घालायला काही नाही. पोचणारं माणूस आणि पोचणं, दोघंच. गाडीनं धूर सोडला. बाप चार पावलं चालला, मग पळाला, आणि खिडकीखालून ओरडला,

'पोचली का फोन करजो वं!'

फलाटावर शंभरेक लोक होते. तेच, काय म्हणतील म्हणून ज्यांना सगळं घर भितं. कुणी काही म्हटलं नाही. रिसोडची गाडी लागत होती आणि सगळ्यांना आपापली जागा धरायची होती.